घरी बसलेल्यांचा कौल

५ ऑगस्ट १९९३. रात्रीची वेळ, वॉशिंग्टनचं प्रतिनिधिगृह. बिल क्लिंटन यांचा पहिला अर्थसंकल्प मताला टाकलेला आणि फलकावर दोन्ही बाजूंचे आकडे एकमेकांना खेटून उभे. मार्जरी मार्गोलिस-मेझविन्स्की या फिलाडेल्फियाच्या उपनगरातून नुकत्याच निवडून आलेल्या डेमोक्रॅट खासदार. मतदारसंघ सुखवस्तू लोकांचा, कैक वर्षं रिपब्लिकनांच्या ताब्यातला. करवाढीच्या विरोधात राहीन, असं त्या लोकांना सांगून आलेल्या. त्या दिवशी खुद्द क्लिंटन यांचा फोन आला. बाईंनी अर्थसंकल्पाच्या बाजूने मत दिलं आणि तो २१८ विरुद्ध २१६ असा तरला. समोरच्या बाकांवरचे रिपब्लिकन हात हलवून ओरडू लागले, ‘गुडबाय मार्जरी!’

पुढच्या वर्षी नोव्हेंबरात मध्यावधी निवडणूक झाली. बाई पडल्या. क्लिंटन १९९६ मध्ये आरामात पुन्हा निवडून आले. १९९८ मध्ये अमेरिकी सरकारच्या हिशेबात १९६९ नंतर पहिल्यांदा शिल्लक दिसली. त्या शिलकीला १९९३ च्या निर्णयाचा हातभार होताच. श्रेय अध्यक्षांच्या खात्यावर जमा झालं आणि किंमत मार्जरीबाईंनी चुकवली.

अमेरिकेतली मध्यावधी म्हणजे काय, हे ज्याला समजून घ्यायचं आहे त्याने ही एक रात्र नीट वाचावी. हुकूम एकाचा, मान दुसऱ्याची.

आपल्याकडे सरकार कोसळलं की मध्यावधी लागते. तिकडे ती कॅलेंडरवर छापलेली असते. अध्यक्षांची मुदत ४ वर्षांची, प्रतिनिधिगृहाची २ वर्षांची. त्यामुळे अध्यक्ष निवडून आल्यावर बरोबर २ वर्षांनी सगळ्या ४३५ जागा आणि सिनेटच्या १०० पैकी सुमारे एक तृतीयांश जागा पुन्हा मतदारांपुढे येतात. अध्यक्षांचं नाव मतपत्रिकेवर नसतं. मतदारांचा राग मात्र त्यांच्याच नावाचा असतो, आणि तो त्यांच्या पक्षाच्या खासदारांवर निघतो.

किती निघतो? गेल्या १०० वर्षांत अध्यक्षांच्या पक्षाने प्रतिनिधिगृहात जागा वाढवल्या त्या तीनच मध्यावधींत: १९३४, १९९८ आणि २००२. बाकी प्रत्येक वेळी घट. १९९४ मध्ये क्लिंटन यांच्या पक्षाच्या पन्नासहून जास्त जागा गेल्या, आणि खुद्द सभापती टॉम फोली स्वतःच्या मतदारसंघात हरले. २०१० मध्ये ओबामांच्या पक्षाच्या ६३ गेल्या. चोप बसला, असं त्यांनी दुसऱ्या दिवशी पत्रकारांसमोर कबूल केलं. २०१८ मध्ये ट्रम्प यांच्या पक्षाच्या चाळीसच्या आसपास.

हे आकडे पाहून पंडित मंडळी एक शब्द फेकतात: लंबक. इकडे झुकला की तिकडे जाणारच, त्यात विशेष ते काय! टीव्हीवर बसून हे सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. लंबकाला कारण लागत नाही, निवडणुकीला लागतं. आणि इथलं मोठं कारण डोळ्यांसमोर आहे. २००८ मध्ये मतदानाचा हक्क असलेल्यांपैकी सुमारे ६२ टक्के लोक केंद्रांवर गेले होते. २०१० मध्ये सुमारे ४१ टक्के. म्हणजे दोन वर्षांपूर्वी ओबामांसाठी रांगा लावणाऱ्या कोट्यवधी लोकांनी, त्यातही तरुणांनी, या वेळी घरी राहणं पसंत केलं. विरोधक चिडलेले होते, ते गेले. जिंकलेले निवांत होते, ते झोपले.

सगळं गणित गैरहजेरीचं आहे असा माझा दावा नाही. बेकारी वाढली, भाव वाढले, एखादं युद्ध अंगाशी आलं, की पूर्वी साथ दिलेले लोकही उलटतात. २०१८ मध्ये मतदान पन्नास टक्क्यांपर्यंत गेलं, म्हणजे शंभर वर्षांत मध्यावधीला झालं नव्हतं एवढं, आणि तरी सत्ताधाऱ्यांनी मार खाल्ला. कॅलिफोर्नियातली ऑरेंज काउंटी हा रिपब्लिकनांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा बालेकिल्ला. तिथल्या सातही जागा त्या वर्षी डेमोक्रॅटांनी जिंकल्या. शेजारीपाजारी, बंगलेवाले, वर्षानुवर्षं रिपब्लिकनांना मत देणारे, यांनी विचार करून मत बदललं. असं मत बदलणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. ते हजर होते. माझं भांडण आहे ते हजर न राहणाऱ्यांशी, कारण त्यांच्या गैरहजेरीची किंमत दोन वर्षांत फिटत नाही. ती पिढ्यांवर जाते.

१९४६ घ्या. महायुद्ध संपून वर्ष झालेलं. रूझवेल्ट यांच्या जागी आलेले हॅरी ट्रुमन. युद्धकाळातलं भावनियंत्रण अजून पुरतं उठलेलं नव्हतं. ठरलेल्या भावात जनावरं विकायला पशुपालक तयार नव्हते, त्यामुळे ऐन शरद ऋतूत खाटकांची दुकानं रिकामी पडली. बायका रांगेत उभ्या राहून हात हलवत परत जात होत्या. कामगारांचे संप एकामागून एक चाललेले. रिपब्लिकनांनी घोषणा काढली ती फक्त दोन शब्दांची, पुरे झालं ना, एवढाच तिचा अर्थ. ऑक्टोबरच्या मध्यावर ट्रुमन यांनी मांसावरचं नियंत्रण उठवलं, पण तोवर बैल गेला होता आणि झोपा करून काही होणार नव्हतं. डेमोक्रॅटांच्या पन्नासहून जास्त जागा गेल्या, दोन्ही सभागृहं गेली. त्यांच्याच पक्षाचे सिनेटर विल्यम फुलब्राइट यांनी तर ट्रुमन यांनी एका रिपब्लिकनाला परराष्ट्रमंत्री नेमून राजीनामा द्यावा, असं सुचवलं. तेव्हा उपाध्यक्षपद रिकामं होतं, त्यामुळे गादी थेट त्या मंत्र्याकडे गेली असती. स्वतःच्या पक्षातून आलेला सल्ला हा! ट्रुमन यांनी त्याला केराची टोपली दाखवली, हे उत्तम केलं.

इथवर गंमत वाटते. पुढचं ऐका. त्या निवडणुकीत मतदान ४० टक्क्यांच्याही आत होतं. ज्यांच्या जोरावर रूझवेल्ट यांनी चार वेळा अध्यक्षपद जिंकलं, त्या कामगारवर्गातले असंख्य लोक त्या दिवशी फिरकलेच नाहीत. जिंकून आलेल्या सभागृहाने सात-आठ महिन्यांत, जून १९४७ मध्ये, टाफ्ट-हार्टली कायदा केला. ट्रुमन यांनी नकाराधिकार वापरला, तो दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी मोडून काढला. कामगार संघटनेने मिळवलेल्या कराराचा फायदा घ्यायचा पण संघटनेला एक छदामही द्यायचा नाही, ही मुभा कामगारांना देण्याची वाट या कायद्याने राज्यांना खुली करून दिली. त्याच्या आधाराने आज अमेरिकेतल्या निम्म्याहून जास्त राज्यांत तसे कायदे आहेत.

ट्रुमन १९४८ मध्ये त्याच सभागृहाला निकम्मं ठरवून, आगगाडीतून देशभर भाषणं करत, सगळ्या पैजा हरवून जिंकले. डेमोक्रॅटांना दोन्ही सभागृहंही परत मिळाली. कायदा मात्र परत गेला नाही. ७५ वर्षांहून अधिक काळ तो तिथेच आहे. एका मंगळवारी घरी बसण्याची एवढी मोठी शिक्षा!

आणि हे फक्त जुन्या काळी घडत होतं असं समजू नका. २०१४ ची मध्यावधी. मतदान सुमारे ३६ टक्के, दुसऱ्या महायुद्धानंतरचा नीचांक. ओबामांच्या पक्षाने सिनेटच्या ९ जागा गमावल्या आणि सिनेट रिपब्लिकनांच्या हाती गेलं. त्या रात्री कुणालाही ते जगबुडीसारखं वाटलं नाही. सवयीचाच पराभव. फेब्रुवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया वारले. ओबामांनी मार्चमध्ये मेरिक गारलँड यांचं नाव पाठवलं. सिनेटच्या नव्या बहुमताने त्या नावावर मतदान सोडा, साधी सुनावणीही घेतली नाही. नाव जवळजवळ १० महिने तसंच पडून राहिलं आणि मुदत संपल्यावर रद्द झालं. ट्रम्प आले, त्यांनी नील गोरसच यांना नेमलं. जून २०२२ मध्ये गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेणारा निकाल आला. हा हक्क देणारा रो खटल्याचा जुना निकाल पुरता मोडीत काढण्याच्या बाजूने न्यायमूर्ती होते फक्त पाच. पाचातले एक गोरसच.

आता उलट हिशेब मांडा. २०१४ मध्ये ज्या तरुण मुली मतदानाला गेल्या नाहीत, त्यांतल्या कितीतरींना २०२२ मध्ये कळलं की आपल्या राज्यात आपल्या शरीराबाबतचा कायदा रातोरात बदलला. मला यात दैवाचा खेळ वगैरे काही दिसत नाही. दिसतो तो एक सरळ, सलग धागा: रिकामी मतदान केंद्रं, सिनेट, रिकामी खुर्ची, निकाल. हा धागा त्या वेळी मतदारांना समजावून सांगणं हे डेमोक्रॅट पक्षाचं काम होतं. त्यांनी ते केलं नाही. उलट त्यांचे कितीतरी उमेदवार स्वतःच्याच अध्यक्षांपासून लांब पळत होते. जो पक्ष आपल्या नेत्याची लाज बाळगून मतं मागतो, त्याच्यासाठी कुणी कशाला कामावरून अर्धा दिवस रजा काढेल?

२०२२ ची मध्यावधी म्हणूनच मला महत्त्वाची वाटते. बायडेन यांची लोकप्रियता तळाला, महागाई चाळीस वर्षांत नव्हती एवढी, आणि पंडितांनी रिपब्लिकनांची लाल लाट केव्हाच जाहीर करून टाकलेली. लाट आलीच नाही. प्रतिनिधिगृहात डेमोक्रॅटांचं नुकसान झालं ते अवघं ९ जागांचं, आणि सिनेटमध्ये उलट एक जागा वाढली. ऑगस्टमध्येच कॅन्ससने इशारा दिला होता. एवढं सनातनी राज्य, पण तिथे राज्यघटनेतून गर्भपाताचं संरक्षण काढण्याचा प्रस्ताव लोकांनी ५९ टक्के मतांनी फेटाळला. लोकांना आपण काय गमावतो आहोत हे दिसलं की ते बाहेर पडतात. १९९८ मध्येही तसंच झालं होतं. क्लिंटन यांना महाभियोगाने घालवायचंच, असा विडा रिपब्लिकनांनी उचलला, लोकांना तो अतिरेक वाटला आणि सत्ताधाऱ्यांच्या ५ जागा वाढल्या. निकालानंतर तीनच दिवसांनी सभापती न्यूट गिंगरिच यांनी पायउतार होत असल्याचं जाहीर केलं. २००२ ला अकरा सप्टेंबरच्या हल्ल्याची पार्श्वभूमी होती, १९३४ ला महामंदीत रूझवेल्ट यांनी दिलेल्या कामाची. म्हणजे नियम मोडतो. तो मोडायला कारण लागतं, आणि ते लोकांपर्यंत पोचवणारं माणूस लागतं.

२०२२ च्या त्याच नोव्हेंबरात मिशिगनमध्ये जे घडलं ते मराठी वाचकाला जास्त जवळचं. बेळगावात वाढलेले, मराठीत आत्मकथन लिहिणारे श्री ठाणेदार त्या मध्यावधीत डेट्रॉइटमधून प्रतिनिधिगृहावर निवडून गेले. आपला माणूस म्हणून त्यांचं कौतुक झालं, ते रास्तच. पण त्याच दिवशी त्याच मतपत्रिकेवर आणखी काय काय होतं, याची दखल आपल्याकडे फार कमी जणांनी घेतली. मिशिगनच्या मतदारांनी गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत लिहून घेतला. राज्याच्या विधिमंडळाची दोन्ही सभागृहं डेमोक्रॅटांच्या हाती आली, आणि गव्हर्नरपदासह सगळी सत्ता सुमारे ४० वर्षांनी एका हाती आली. पुढच्याच वर्षी या विधिमंडळाने टाफ्ट-हार्टलीच्या आधाराने २०१२ मध्ये केलेला संघटनाविरोधी कायदा मागे घेतला. १९४६ च्या मतदानाने कामगारांच्या पायात पडलेली बेडी मोटार कामगारांच्या राज्यात अशी २०२३ मध्ये तुटली, तीही एका मध्यावधीमुळेच. बाकीच्या राज्यांत ती अजून आहे.

अध्यक्षांचं काय होतं मग? बहुतेक वेळा काही नाही. ट्रुमन, रेगन, क्लिंटन, ओबामा: चौघांच्या पक्षांनी पहिल्या मध्यावधीत जागा गमावल्या, चौघेही दोन वर्षांनी जिंकले. सभागृह विरोधकांकडे गेलं की अध्यक्षांना आयता खलनायक मिळतो. कामं अडली तर खापर फोडायला डोकं तयार. हातात राहतात ते वटहुकमासारखे आदेश, परराष्ट्र धोरण आणि नकाराधिकार. त्रास होतो तो चौकशी समित्यांचा, समन्सांचा आणि सरकारी कचेऱ्या बंद पडण्याचा. २०१८ च्या पराभवानंतर तर कचेऱ्या ३५ दिवस अर्धवट बंद राहिल्या आणि विमानतळांवरचे सुरक्षा कर्मचारी पगाराविना तपासणी करत उभे राहिले. त्यांनी कुणाचं काय घोडं मारलं होतं?

एखाद्या वेळी पराभव खरंच कानाखाली बसतो. २००६ मध्ये इराक युद्धाच्या संतापाने बुश यांच्या पक्षाची दोन्ही सभागृहं गेली आणि दुसऱ्याच दिवशी संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांच्या गच्छंतीची घोषणा झाली. पण तोवर त्या युद्धात अडीच हजारांहून जास्त अमेरिकी सैनिक आणि त्यांच्या कितीतरी पट इराकी माणसं मेली होती. हा शहाणपणा निवडणुकीआधी सुचला असता तर?

आता सत्ताधाऱ्यांनी या शिक्षेवर नवा उतारा शोधला आहे, आणि तो मला सगळ्यांत घातक वाटतो. लोकांचं मन वळवायचं सोडून मतदारसंघांच्या रेषाच वळवायच्या. हे काम एरवी दर दहा वर्षांनी, जनगणनेनंतर होतं. २०२५ मध्ये, जनगणनेला पाच वर्षं बाकी असताना, ट्रम्प यांच्या आग्रहावरून टेक्सासने नकाशा नव्याने आखला. हेतू लपवलाही नाही: २०२६ च्या मध्यावधीत आपल्या पाच जागा वाढाव्यात. तिथले डेमोक्रॅट आमदार गणसंख्या मोडायला राज्य सोडून इलिनॉयला निघून गेले, पण कायदा थांबला नाही. उत्तरादाखल कॅलिफोर्नियाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सार्वमत घेऊन आपला नकाशा डेमोक्रॅटांना सोयीचा करून घेतला. खोडी टेक्सासने काढली, हे स्पष्ट नोंदवायला हवं. कॅलिफोर्नियाने निदान लोकांना विचारलं. पण शेवटी दोन्हीकडच्या लाखो मतदारांना निरोप एकच गेला, की तुमचा निकाल आम्ही आधीच लावून ठेवला आहे, तुम्ही आलात काय नि नाही आलात काय. घरी बसण्याची सवय ज्यांना आधीच आहे त्यांच्या हातात दिलेलं हे आयतं निमित्त. म्हणून मी याला मतचोरीपेक्षा वाईट म्हणतो. यात मतदाराची इच्छाच चोरली जाते.

आपल्याला काय त्याचं, असं कुणी म्हणेल. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावरचं अमेरिकी आयातशुल्क ५० टक्क्यांवर गेलं तेव्हा काय झालं, हे अंधेरीच्या सीप्झमध्ये दागिने घडवणाऱ्या कारागिरांना विचारा. शुल्क ठरवण्याचा अधिकार अमेरिकी राज्यघटनेने संसदेला दिलेला आहे. संसद अध्यक्षांच्या मुठीत असेल तर ती तो वापरत नाही, आणि अध्यक्षांच्या मुठीतून तिला सोडवण्याची पहिली संधी मध्यावधीतच येते.

आणि तिथे आपली किती माणसं आहेत! न्यू जर्सी, बे एरिया, डॅलस, शिकागो. मंडळं आहेत, मराठी शाळा आहेत, ढोलपथकं आहेत. नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसांशी बोलताना एक गोष्ट वारंवार ऐकू येते: अध्यक्षाच्या वेळी जातो हो, मधल्याला नाही जमत. मधल्याला! न्यू जर्सीचा सातवा मतदारसंघ बघा. २०१८ च्या मध्यावधीत तो डेमोक्रॅट टॉम मॅलिनोव्स्की यांनी घेतला, २०२० मध्ये पाचेक हजार मतांनी कसाबसा राखला, २०२२ च्या मध्यावधीत गमावला. त्याच २०२२ मध्ये कोलोरॅडोत रिपब्लिकन लॉरेन बोबर्ट अवघ्या ५४६ मतांनी निवडून आल्या. ५४६ माणसं तर एका गणपतीच्या महाप्रसादाला जमतात. कुणाला मत द्यायचं हे मी सांगणार नाही. बोबर्टबाईंना निवडून द्यायचं असेल तरी जा.

अडचण कळते. मध्यावधीचा मंगळवार नेमका दिवाळीच्या आसपास येतो. २०१८ मध्ये ६ नोव्हेंबरला मतदान आणि त्याच दिवशी नरक चतुर्दशी होती. २०२६ चं मतदान ३ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजन ८ तारखेला. म्हणजे चकल्या तळण्याचा आणि मंडळाच्या कार्यक्रमाच्या तालमींचा तो आठवडा. पण आता यातही अडायचं कारण उरलेलं नाही. कॅलिफोर्नियात मतपत्रिका प्रत्येक नोंदणी केलेल्या मतदाराच्या घरी टपालाने येते. न्यू जर्सीत अर्ज केला की येते, कारण विचारत नाहीत. भरायची, सही करायची, पाकीट बंद करून टाकायचं. मंडळांनी दिवाळी अंकाच्या आणि फराळाच्या निरोपाबरोबर नोंदणीची शेवटची तारीखही कळवावी. आणि पुण्यात, डोंबिवलीत, कोल्हापुरात बसलेल्या आईबाबांनी रविवारच्या व्हिडिओ कॉलवर फराळाचा डबा पोचला का हे विचारून झालं की लगेच विचारावं, ‘मतपत्रिका टाकलीस का रे?’